काय बंद पडलं?

मोकळ्या ओळीवर बॅकस्पेस दाबलं
की तो ओरडतो:
टूं.
खोडायला काही नसताना खोडू नये,
एवढंच त्याचं म्हणणं.
ते खरंही आहे. पण रात्रीचे दोन वाजलेत,
आणि पलीकडच्या खोलीत हानुस एव्हाना उठून बसलाय,
अंधारात पायांनी बूट चाचपतोय.

सहा आठवडे तो बॅरेंट्स समुद्रावर होता.
तिथे टूं म्हणजे तळात पाणी.
दोनदा टूं म्हणजे इंजिनाचं तेल उतरलं.
लांबलचक, न थांबणारा टूं
म्हणजे काय, ते तो सांगत नाही.
इथे क्लाक्सविकमध्ये, माझ्या टेबलावर,
टूं म्हणजे फार तर
शीतगृहाच्या हिशेबात कॉडची एक पेटी जास्त.
हे त्याच्या डोक्याला सांगून झालं.
पायांना कोण सांगणार?

पहिल्या रात्री आवाजाची पट्टी शून्यावर ओढली.
टूं.
म्हणजे गाण्यांचा स्पीकर वेगळा,
आणि हा वेगळा,
मदरबोर्डच्या कोपऱ्यात कोटाच्या बटणाएवढा,
जन्मात एकच स्वर शिकलेला.

दुसऱ्या रात्री त्याला खिडक्यांपुरतं गप्प केलं.
खिडक्या मिटून काळ्या कन्सोलवर गेले, तर तिथे
टूं.
(माझी आत्या माल्ला आठवली.
आमच्याकडे तोंड मिटून बसायची,
आणि शेजारी जाऊन सगळं बोलायची.)

तिसऱ्या रात्री पासवर्ड देऊन रूट झाले,
पीसीस्पीकर नावाचं मॉड्यूल
कर्नलमधून मुळासकट उपटलं.
दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं
तर ते त्याला बोटाला धरून परत हजर.
मग एका फाइलीत एक ओळ लिहिली:
काळी यादी, आणि त्याचं नाव.
यादीत तो एकटाच.
मला उगीच अपराधी वाटलं.

आता चुकलं की पडदा क्षणभर पांढरा होतो.
आवाज नाही.
खुंटीवरचा त्याचा ओला स्वेटर
तेवढ्यापुरता उजळतो,
लोकरीतला एकेक टाका दिसतो,
आणि पुन्हा अंधार.
त्या रात्री मी मनसोक्त चुकले.
गरज नसताना दोनदा.
पलीकडे घोरणं चालू.

पावणेचारला हिशेब जुळला.
मशीन बंद केलं.
आतला जुना पंखा, वर्षभर न पुसलेला,
हळू होत होत थांबला.

आणि दारात हानुस.
एका पायात बूट.
डोळे अजून झोपेत, हात चौकटीवर.
"काय बंद पडलं?"

मला कळायला वेळ लागला.
जहाजावर माणूस घरघरीवर डोकं टेकून झोपतो.
भोंगा नंतर वाजतो.
आधी घरघर थांबते.

"काही नाही," मी म्हणाले.
समुद्रावर असं उत्तर
कुणी कधी दिलं नसावं. तो हलेना.
खाली धक्क्यावर वारा
रिकाम्या पिंपांशी खेळत होता.

मी वाकून बटण दाबलं.
टूं.

मी दचकले. तो नाही.
लिनक्स जागं व्हायच्या आधीचा हा,
यंत्राचा स्वतःचा,
माझ्या कुठल्याच यादीत न बसणारा.
"आणि हा कसला?"
मदरबोर्डसोबतचं पातळ पुस्तक
कधीतरी चाळलं होतं.
"एक आखूड म्हणजे
सगळं जागच्या जागी आहे."

त्याने मान डोलावली,
पाळी बदलताना डोलावतात तशी.
तिथेच उंबऱ्यावर बसून बूट काढला,
आणि दोन्ही हातांत धरून आत गेला.

मी काम नसलेलं मशीन तसंच चालू ठेवलं.
दार उघडं ठेवलं,
पंखा आतपर्यंत ऐकू जाईल इतकं.